बॉनेटखालच्या अनोळखी वायरी

जुनी पद्मिनी घ्यायला आलेला माणूस आधी पत्रा ठोकून बघतो. दरवाज्याखाली गंज आहे का, इंजिन धूर मारतं का, गिअर टाकताना अडतो का, हे विचारतो. बॉनेट उघडलं तरी त्याची नजर इंजिनावर खिळते. कडेने गेलेल्या वायरींच्या जुडग्याकडे तो बघतही नाही. मला मात्र गाडीची खरी हकिगत त्या जुडग्यातच दिसते. पत्रा रंगवता येतो, इंजिन बांधून घेता येतं. वायरिंगमध्ये प्रत्येक मालकाची, प्रत्येक मिस्त्रीची भर पडत जाते आणि आधीचं काढायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात काकांची पद्मिनी उभी असते. तिचं वायरिंग मी उलगडायला घेतलं तेव्हा कंपनीच्या वायरींनी फारसा त्रास दिला नाही. हॉर्न, हेडलाइट, सेल्फ, कॉइल. कुठली वायर कुठून कुठे जाते ते सर्किटच्या नकाशात असतं. अडवतात त्या नकाशात नसलेल्या. रंगावरून ओळखाव्यात, तर तेल, धूळ आणि इंजिनाची धग यांनी लाल, निळी, पिवळी सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. अशा वेळी पट्टीखाली दाबलेला भाग बघावा. पत्र्याची पट्टी उचलली की बोटभर जागेत मूळ रंग अजून नवाकोरा असतो. तेवढ्यावरून कंपनीची कुठली आणि मागाहून आलेली कुठली, हे बरंच कळतं.

ही गाडी तशी आपल्या उपनगराचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात साठच्या दशकात इटलीच्या फियाटची ११०० डी बनू लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कोणालाही उघडून बघता येईल असं. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून एलबीएस मार्गाने घाटकोपर, मुलुंडपर्यंत हिचं काम करणारी गॅरेजं उभी राहिली. ज्यांनी कधी नकाशा पाहिला नाही अशा माणसांनी ही गाडी हाताने शिकून घेतली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांनी सोडलेल्या वायरींची भीतीही तितकीच.

भीती मुख्यतः ‘डायरेक्ट’ची. भर पावसात हेडलाइट गेले, स्विच जळालेला, नवा मिळायला दोन दिवस. मिस्त्री बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत वायर ओढतो, मध्ये एक साधं बटण टाकतो, गिऱ्हाईक घरी पोचतं. पक्कं काम नंतर करायचं ठरतं आणि राहून जातं. या वायरीच्या वाटेत फ्यूज नसतो. तिचं आवरण कुठे पत्र्यावर घासून फाटलं तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून धावतो आणि तांबं लालभडक होतं. फ्यूज असतो तो मुळात वायर वाचवायला. म्हणून काहीही चाचपण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवर थेट चढवलेल्या वायरी सर्वांत आधी तपासायच्या.

एक बारीक वायर कॉइलच्या निगेटिव्हवरून निघून आतल्या पत्र्याकडे गेली होती आणि डॅशबोर्डच्या मागे तशीच लोंबत होती. पद्मिनीला तिथे अशी वायर नसते. ती होती काढून टाकलेल्या सीएनजी किटची. न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्सी गॅसवर गेल्या, तसे अनेक खाजगी मालकांनीही किट बसवले. इंजिन चालू आहे की नाही, हे किटच्या स्विचला त्या वायरीवरून कळतं. इंजिन थांबलं की तो गॅस बंद करतो. पुढे डिकीतली टाकी गेली, किट गेला, वायर राहिली. तिचं उघडं टोक खड्ड्यात हिसका बसून पत्र्याला टेकलं, की पॉइंट उघडले तरी कॉइलचा करंट तुटत नाही, म्हणजे ठिणगी नाही आणि गाडी बंद. टोक सुटलं की गाडी पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं सगळे कार्बोरेटर साफ करत आले होते.

उलट, फालतू दिसणारी वायर फार मोलाची निघते. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे एक सुतळीएवढी वायर जाते. दिवा तर नुसता इशाऱ्याचा, असं समजून कोणी ती कापतो. पण बऱ्याच अल्टरनेटरना जागं करणारा पहिला करंट त्या दिव्यातूनच येतो. वायर गेली, किंवा नुसता बल्ब उडाला, तरी चार्जिंग सुरू होत नाही.

तपासायला माझ्याकडे मल्टिमीटर होता. कुर्ल्याच्या एका वयस्क वायरमननी मला टेस्ट लॅम्प वापरायला लावला: इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत आवरणाच्या आत तांबं हिरवट पडतं, तारा तुटत एखादीच उरते. मीटर अगदी थोडा करंट घेतो, म्हणून तिथेही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. तो मिणमिणतो आणि रोग कळतो. “मीटर को सब अच्छा दिखता है साब,” वायरमन चाचा म्हणाले.

सीटखाली गेलेल्या जोडवायरीचा मात्र दोन्ही साधनांनी उलगडा होईना. काकांना विचारलं. “अरे, ती कापू नकोस, तो चोर स्विच आहे. बंद केला तर किल्ली फिरवून गाडी चालू होत नाही.”

केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. चांगली गोष्ट आहे. पण त्या नादात नवं वायरिंग टाकून मधली तीस-चाळीस वर्षं पुसून टाकणारे लोक बघितले की वाईट वाटतं. या गाड्या कामाच्या होत्या. त्या शहरात कशा तगल्या, ते या जोडांवरूनच कळतं. मी गॅसच्या वायरी काढल्या, डायरेक्ट वायरींना फ्यूज दिले आणि सगळ्याचा नकाशा काढला. काढलेल्या वायरी त्यात लाल शाईने दाखवल्या आहेत. एकीचं दुसरं टोक अजून सापडलेलं नाही. तिचं सापडलेलं तोंड टेपने बंद करून चिठ्ठी लावली आहे. नकाशा आरसी बुकाबरोबर ठेवतो, पुढच्या मिस्त्रीला उपयोगी पडेल. चोर स्विच तेवढा त्यात दाखवलेला नाही. तो कुठे आहे, ते घरच्यांना तोंडी सांगितलंय.