जसे आले तसे पाठविले!



हल्ली गावोगावच्या दिंड्यांचे, भजनी मंडळांचे आणि सप्ताहाच्या मंडळींचे व्हॉट्सॲपवर गट झाले आहेत. आम्हीही अशा अकरा गटांत आहोत. आम्हांस त्यांत कोणी घातले ते आम्हांस ठाऊक नाही, आणि बाहेर कसे पडावे तेही ठाऊक नाही. जीवाची संसारात जी गत, तीच आमची या गटांत. पहाटे काकडा आटोपून फोन हाती घ्यावा, तो चाळीस फुले, वीस सुविचार आणि दोनचार नवे शोध येऊन बसलेले असतात.

शोधही साधेसुधे नव्हेत. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांची नोट निघाली. तिच्यात एक सूक्ष्म यंत्र बसविले असून ती जमिनीखाली 120 मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते, असे आम्हांस निदान सात सज्जनांनी कळविले. तसे काही नाही हे लवकरच स्पष्ट झाले, आणि मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीरही केले. पण त्या सातांपैकी एकानेही खड्डा खणून पाहिला नव्हता. आणि पाचांजवळ तर पुरायला नोटच नव्हती! दिवाळीच्या रात्री अंतराळातून आपला देश कसा झगमगतो, त्याचे चित्र दरवर्षी येते. ते चित्र दिवाळीचे नव्हेच. निरनिराळ्या वर्षांत वस्तीचे दिवे कसकसे वाढत गेले हे दाखविण्यासाठी शास्त्रज्ञांनी रंग भरून केलेला तो नकाशा आहे. पण आमच्या गटात तो लक्ष्मीपूजनाला हटकून हजर.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. मात्र एकदा हसे आमचेच झाले, तेव्हा डोळे उघडले.

एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन होते. कीर्तनाच्या भरात आम्ही सांगून गेलो की, युनेस्को या जागतिक संस्थेने आपल्या राष्ट्रगीतास जगात पहिला क्रमांक दिला आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हांसही बरे वाटले. दुसऱ्या वर्षी त्याच गावी पंगतीत वाढणारी एक सातवीतली मुलगी आमच्यापुढे थांबली आणि हळूच म्हणाली, “महाराज, तुम्ही राष्ट्रगीताचं सांगितलेलं मी निबंधात लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईनं खोडलं. मी म्हटलं, महाराजांनी सांगितलंय. तर सगळा वर्ग हसला.” आमचा घास हातातच राहिला. युनेस्कोने असा कोणताही क्रमांक कधी दिलेला नाही. त्या संस्थेने तसे सांगितलेही आहे. आम्हांस ती बातमी कोठून मिळाली? एका गटातून. आम्ही तपासली होती काय? नाही. गोड होती, म्हणून गिळली.

त्या मुलीने आमच्यावर विश्वास ठेवला हा तिचा दोष काय? मुळीच नाही. ज्या गादीवर उभे राहून आम्ही संतांचे शब्द सांगतो, त्याच गादीवरून हेही सांगितले. संतवचनाचे वजन तिने आमच्या ऐकीव गोष्टीलाही दिले. त्या रात्री कीर्तनाच्या आरंभीच आम्ही सर्वांसमक्ष चूक कबूल केली. टाळ्या काही पडल्या नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. जो मनुष्य खोटे रचतो, तो दोषी हे पोरही सांगेल. परंतु जो रचीत नाही, केवळ आलेले पुढे पाठवितो, त्याला दोष लागतो की नाही? तो तर मोकळेपणाने खाली लिहितो: “जसे आले तसे पाठविले.” जणू या चार शब्दांनी हात धुतले!

हा प्रश्न आम्ही बालपणी पाठशाळेत गुरुजींच्या पायाशी जे थोडेबहुत न्यायशास्त्र शिकलो, त्याच्या उजेडात पाहू. ज्ञानाची साधने अनेक. डोळ्यांनी घडा पाहिला, ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ताडला, ते अनुमान. आणि विश्वासू माणसाने सांगितले म्हणून कळले, तो शब्द. पण शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल तेव्हा. येथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे; नाहीतर मावसभावाचे सर्वच संदेश प्रमाण मानावे लागतील! ज्याने ती वस्तू जशी आहे तशी जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त.

आता लोक म्हणतात, “महाराज, ऐकीव नव्हे, आम्ही व्हिडिओ पाहिला, हे प्रत्यक्ष नव्हे काय?” मोठे मोठे लोक येथेच फसतात. फोनच्या काचेवर जे दिसते ते तुमच्यापुरते प्रत्यक्ष नव्हेच. प्रत्यक्ष एवढेच की, तुमच्या हाती एक काच आहे व तीवर रंग हलत आहेत. ते रंग कोठले, कधीचे, हे दुसराच कोणी तरी तुम्हांस सांगत असतो. म्हणजे ते चित्र असूनही शब्दच झाले, आणि शब्दाला आप्त लागतो. आता तर यंत्राच्या बुद्धीने हुबेहूब चेहरा आणि आवाज तयार करता येतो. उद्या आमचाच आवाज काढून कोणी कीर्तन केले तर आमच्या घरच्यांनाही ओळखू येणार नाही. तेव्हा ‘डोळ्यांनी पाहिले’ हा हेका आता सोडलेलाच बरा.

याचा एक भयंकर दाखला सांगतो. 2018 च्या उन्हाळ्यात देशात एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका पोराला उचलून नेतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. पण ती फीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनविली होती. शेवटी तो मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि पालकांस सावध करणारा फलक दाखवितो. कोणी तरी तो शेवटच कापून टाकला! शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पूर्वपक्ष ठेवला, सिद्धान्त कापला, आणि पूर्वपक्षच सिद्धान्त म्हणून गावोगाव पाठविला. अभंगाचा शेवटचा चरण गाळून निरूपण करणाऱ्याला आपण फडावर उभे करू काय?

‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ असे संदेश त्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रातही घरोघर पोहोचले होते. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे. तेथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. बाजारात कोणास संशय आला, आणि जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले.

वाचकहो, मंगळवेढे म्हणजे चोखोबांचे, दामाजीपंतांचे, कान्होपात्रेचे मंगळवेढे. पंढरीच्या उंबऱ्याशी असलेले. आणि नाथपंथ म्हणजे आपल्या ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा. गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही नावे घेतल्यावाचून आमचे मंगलाचरण पुरे होत नाही. त्या पंथाचे नाव सांगणारी पाच माणसे भिक्षा मागताना मेली. आठवड्याभरात पालख्या निघावयाच्या होत्या. 23 जुलैस आषाढी होती. वाटेवर अनोळखी माणसाला भाकर देणारा हाच महाराष्ट्र, आणि अनोळखी म्हणून मारणाराही हाच! पुढे 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक असेच जमावाच्या हातून गेले. त्या भागातही चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या.

आता विचारा. राईनपाड्याच्या दगडाकाठ्या ज्यांनी उचलल्या त्यांचा निवाडा न्यायालयाकडे. पण ज्यांनी शेकडो मैलांवर आरामात बसून तो संदेश पुढे सरकविला, “जसे आले तसे पाठविले” म्हणून निजले, त्यांचे काय? काठी त्यांनी उचलली नाही. ती उचलणाऱ्याच्या मनातली भीती मात्र त्यांनी पुरविली.

येथे तीन शंका येतात. पहिली अशी: “आम्ही एकटेच काय, दहा जणांनी तेच पाठविले, दहा जण खोटे बोलतील काय?” याला आमचे शास्त्री अंधपरंपरान्याय म्हणतात. एका आंधळ्याने दुसऱ्याचा हात धरला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. रांग शंभरांची झाली म्हणून त्यांत डोळस एक तरी निपजला काय? दहा मुखांतून आलेला एकच शब्द हा दहा साक्षी नव्हे. तो एकाच साक्षीचा दहा वेळा झालेला प्रतिध्वनी.

दुसरी शंका बळकट आहे, तिला हसून उडविता येणार नाही. एखादी माउली म्हणेल, “महाराज, खोटं असेल तर असू द्या, पण खरं असलं, आणि मी कळवलं नाही म्हणून कुणाचं लेकरू गेलं तर?” तिची माया खरी आहे. पण बाई, लेकरू राखायचे तर लेकरावर डोळा ठेवावा. संशय आलाच तर पोलीस पाटलाला सांगावे, ठाण्याला फोन करावा. तेथे विचारणारा, तपासणारा मनुष्य असतो, आणि तुमच्या सांगण्याला तुमचे नाव लागते. गटात टाकलेल्या भीतीने एकाही मुलाचे रक्षण होत नाही. ती भीती पुढे कोणाच्या तरी लेकरावरच जाऊन पडते; त्या पाच भिक्षेकऱ्यांनाही घरी आया होत्या, लेकरे होती.

तिसरी शंका आमच्यावरच आहे, आणि आजकालची शिकलेली मुले ती विचारतात. “तुम्ही वारकरी तरी काय करता? संतांनी सांगितले म्हणून न तपासता मानता, आणि पुढे सांगता. तेही पुढे पाठविणेच झाले की!” प्रश्न आवडला. उत्तर असे की, आपल्या परंपरेत शब्द बेवारशी फिरत नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. नामदेवराय, जनाबाई, चोखोबा, तुकोबा, सर्वांनी आपल्या बोलण्याखाली आपले नाव घातले आहे. म्हणजे या शब्दाचा जबाब कोणी द्यायचा ते ठरलेले आहे. गटातल्या संदेशाला मात्र बाप नसतो. जन्मताच अनाथ, आणि तरी गावभर सत्कार! दुसरे असे की, संतांचा शब्द आपण आपल्या अंगावर घ्यायचा असतो. नाम घे, खोटे बोलू नको, परस्त्री मातेसमान मान. हा शब्द खरा की खोटा ते ज्याचे त्याने आपल्या जिण्यात कसून पाहावे. अफवेचा शब्द तसा नव्हे. तो ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही. तो पडतो दुसऱ्याच्या पाठीवर.

धर्मराजाची गोष्ट आठवा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, हे खरेच होते. धर्मराजाने शब्दशः खोटे सांगितले नाही. हत्तीचा उल्लेख तेवढा हलक्या आवाजात उरकला. द्रोणाचार्यांनी शस्त्र ठेवले ते भीमाच्या ओरडण्याने नव्हे. धर्मराज खोटे बोलणार नाही या भरवशाने ठेवले. आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. ज्याच्या शब्दाला वजन, त्याच्या निष्काळजीपणालाही वजन. गावातील गुरुजी, दिंडीचे विणेकरी, आणि आमच्यासारखे कीर्तनकार यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गाव आम्हांस आप्त मानते. आम्ही पुढे पाठविलेल्या संदेशाला आमची मुद्रा न मागता लागते. खाली “जसे आले तसे” लिहिले म्हणून ती पुसली जात नाही. हेच आमच्या प्रश्नाचे उत्तर. पुढे पाठविणारा हा निव्वळ वाहक नव्हे, तो साक्षीदार होतो. आणि न पाहिलेल्याची साक्ष देणे याला व्यवहारातही खोटी साक्ष म्हणतात.

व्हॉट्सॲपवाल्या कंपनीलाही जाग आली. जुलै 2018 मध्ये तिने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असा निर्बंध जाहीर केला. जानेवारी 2019 मध्ये तो जगभर लागू केला. एप्रिल 2020 पासून पुष्कळ हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो, आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसते. त्यामुळे असे संदेश सुमारे 70 टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. म्हणजे पाहा, माणसाला सत्य शिकविले नाही, नुसता हात जरा अडविला, तरी एवढा फरक! मग जो हात यंत्राने अडवावा लागतो, तो विवेकाने अडविला तर?

म्हणून आमची सर्व माळकऱ्यांस विनंती आहे. एकादशीस आपण जिभेला आवर घालतो; बोटालाही घालावा. ज्या संदेशाखाली “हे मी स्वतः तपासले आहे” असे लिहून आपले नाव घालण्याची छाती नाही, तो पुढे पाठवू नये. एवढा एक नेम घ्या. दोन बाण दिसले तर तो संदेश कोठून आला हे पाठविणाऱ्याला प्रेमाने विचारा. तो रागावेल, एखादे वेळी गटातूनही काढील. अकरांचे दहा झाले तर आमची काही तक्रार नाही.

त्या सातवीतल्या मुलीने आमची माफी ऐकल्यावर जाताना पायावर डोके ठेवले आणि विचारले, “महाराज, मग आज जे सांगितलं ते लिहू का?” आम्ही म्हटले, “लिही बाळ, पण आधी बाईंना विचार.”