निवडीचें मोल

एखादी वस्तु विकत घेतांना आपण नेमकें काय विकत घेतों, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. धान्य घेतलें तर भूक भागते, वस्त्र घेतलें तर अंग झांकतें. परंतु ज्या वस्तूचें मोल तिच्या गुणांपेक्षां तिच्या कहाणींतच अधिक आहे, ती घेणाऱ्यानें त्या कहाणीच्या खरेपणाचीही चौकशी करावयास नको काय? इंडोनेशियांतील ‘कोपी लुवाक’ ही कॉफी हा प्रश्न आपणांपुढें उभा करते.

लुवाक म्हणजे उदमांजर. आपल्या कोंकणांतील आगरांतूनही रात्रीं हिंडणारा हा प्राणी कॉफीचीं पिकलेलीं फळें आवडीनें खातो. गर पचतो, बिया विष्ठेबरोबर बाहेर पडतात. त्या वेंचून, धुऊन, वाळवून भाजल्या कीं ही कॉफी तयार होते.

तिचा उगम चैनींत नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनीं जावा बेटांत कॉफी आणली आणि १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धति सुरू केली. डोंगरउतारावरील रयतेनें कॉफी पिकवावी आणि सरकारनें ठरविलेल्या भावानें सरकारी कोठारांत घालावी, असा तो व्यवहार होता. सांगतात असें कीं, स्वतःच्याच पिकाला हात लावण्याची मनाई झाल्यामुळें लोकांनीं रानांतील या बियांवर आपली तलफ भागविली. आज जें श्रीमंतांचें कौतुक, तें मूळचें वंचितांचें उष्टें!

आतां या कॉफीच्या एका किलोला शेंकडों डॉलर पडतात. कां? तर रानांत मोकळें हिंडणारें उदमांजर उत्तमांतलें उत्तम फळ निवडतें म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतें तें एका स्वतंत्र जीवाच्या निवडीसाठीं. परंतु रानांत मिळणाऱ्या बिया थोड्या आणि मागणी मोठी. तेव्हां पिंजरे आले. बाली बेटांतील १६ मळ्यांवरील ४८ उदमांजरांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. प्राण्याच्या मूलभूत गरजा भागविणारा एकही मळा तींत आढळला नाहीं. पिंजऱ्यांत जें पुढें टाकलें तें खावयाचें. तेथें निवड कसली? नांव तेवढें राहिलें, वस्तु गेली.

कोणी म्हणेल, डोंगरावरील गरीब शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतां एका मांजराचा एवढा बाऊ कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्याच्या पूर्वजांनीं परक्याच्या कोठारासाठीं मळे राखले, त्याला नीति शिकविण्याचा अधिकार पेलाभर चैनीसाठीं पैसे उधळणाऱ्याला पोंचत नाहीं. परंतु त्या शेतकऱ्याचेंच हित पाहूं. पहांटे रान तुडवून मूठभर बिया वेंचणारा आणि अंगणांत पिंजरे मांडून टोपल्या भरणारा, हे दोघेही एकाच बाजारांत येतात. दाणा पाहून कोणता कोणाचा हें गिऱ्हाइकाला ओळखतां येत नाहीं. मग रान तुडविणाऱ्याच्या श्रमाला आणि सचोटीला कोण विचारणार? ज्या गरिबाच्या नांवानें पिंजऱ्याचें समर्थन करावयाचें, त्याचाच पिंजऱ्यानें प्रथम घात होतो.

दोष पिंजरा बांधणाऱ्याचा आहेच. पण त्याच्याही आधीं तो मागणीचा आहे. वस्तु दुर्मिळ हवी, आणि मागतांक्षणीं मिळावयासही हवी, या दोन इच्छा प्रामाणिकपणें एकत्र नांदूं शकत नाहींत. १९९१ सालीं ही कॉफी इंग्लंडांत नेणारा व्यापारी टोनी वाइल्ड यानेंच २०१३ सालीं तिच्याविरुद्ध चळवळ आरंभिली, हें या दृष्टीनें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ज्यानें कहाणीसाठींच दाम मोजला, त्याला ती खरी कीं खोटी हें विचारण्याचे कष्ट टाळतां येणार नाहींत. समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर त्याच डोंगरांवर साधी कॉफीही पिकते. तिला रास्त भाव दिला, तर शेतकऱ्याचेंही भलें होईल आणि उदमांजरही आपल्या रानांत राहील.