फाशी आणि मरेपर्यंतची कैद

खुनाच्या गुन्ह्याला भारतीय कायद्यात फाशी किंवा जन्मठेप अशा दोनच शिक्षा सांगितलेल्या आहेत, आणि १८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली तरी तिच्या १०३ व्या कलमात ही जोडी तशीच राहिली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना 'विशेष कारणे' नोंदवणे न्यायाधीशांना बंधनकारक केले, त्यामुळे जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरला. पुढे १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा अपवाद 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरता मर्यादित केला. गुन्हा भयंकर असला म्हणजे ही कसोटी पूर्ण होते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही, म्हणजे त्याचे वय, मानसिक स्थिती आणि सुधारण्याची शक्यता यांचा विचार करून, जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे बाद झाला असेल तरच फाशी द्यावी, असे ते सूत्र आहे. व्यवहारात त्याचा उत्तरार्ध वारंवार गळून पडतो आणि खुन्याची कुप्रसिद्धीच दुर्मिळतेचा पुरावा मानली जाते.

महाराष्ट्राच्या स्मृतीत राहिलेल्या खुन्यांकडे पाहिले तर या कुप्रसिद्धीतून शिक्षेचा कोणताही नियम निघत नाही, हे दिसते. पुण्यात १९७६-७७ मध्ये घडलेल्या जोशी-अभ्यंकर खून सत्रातील चार आरोपींना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या रामन राघवला १९६९ मध्ये फाशी ठोठावण्यात आली होती; परंतु तो बरा न होणाऱ्या मनोविकाराने ग्रस्त असल्यामुळे १९८७ मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली आणि १९९५ मध्ये तो आजाराने मेला. हा फरक न्याय्यच होता, कारण ज्याला आपल्या कृत्याचा अर्थच कळत नाही त्याला फासावर चढवून कोणताही हेतू साधत नाही. मात्र एवढी गोष्ट कायद्याने मान्य करेपर्यंत अठरा वर्षे जावी लागली.

या प्रश्नाचा सर्वांत खोल धांडोळा घ्यायला लावणारे प्रकरण कोल्हापूरच्या गावित बहिणींचे आहे. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणी आपल्या आईसह १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळवत, चोरी करताना लोकांचा संशय येऊ नये म्हणून त्यांना सोबत बाळगत आणि ती मुले गैरसोयीची झाली की त्यांना ठार करत. त्यातील किमान पाच मुलांचे खून न्यायालयात सिद्ध झाले. आई खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघींना फाशी सुनावली, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतरही फाशी झाली नाही. दयेच्या अर्जांवर निर्णय घेण्यात सुमारे आठ वर्षांचा अक्षम्य विलंब झाला, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. असा विलंब झाला तर फाशी रद्द होऊ शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच शत्रुघ्न चौहान खटल्यात स्पष्ट केले होते. रोज पहाटे मरणाची वाट पाहत वर्षानुवर्षे कोठडीत बसणे ही निकालपत्रात न लिहिलेली आणखी एक शिक्षा असते, असा त्यामागचा विचार आहे.

ज्या आईबापांची मुले गेली, त्यांच्या दृष्टीने या घटनाक्रमाचा अर्थ फार कठोर आहे. अशा कृत्याला मरणाखेरीज दुसरी शिक्षा देणे म्हणजे गेलेल्या जिवाची किंमत कमी लेखणे होय, हा फाशीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद असून तो सूडबुद्धी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. परंतु शिक्षेची तीव्रता हानीवरून ठरत असली, तरी कोणती शिक्षा देण्याचा अधिकार राज्याकडे असावा हे राज्याच्या कुवतीवरूनही ठरले पाहिजे. ज्या व्यवस्थेला दयेच्या अर्जाचे कागद वेळेत हलवता येत नाहीत, तिने या पालकांना प्रथम फाशीचे आश्वासन दिले आणि दोन दशके त्यांना त्याच आश्वासनावर झुलवत ठेवले.

या व्यवस्थेची दुसरी उणीव याहून गंभीर आहे. नाशिक परिसरात २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. त्यात भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. या प्रकरणातही विलंब झाला होता, आणि त्या विलंबामुळेच ती माणसे वाचली. म्हणजे फाशी लांबली तर ती क्रूर ठरते आणि तातडीने अमलात आली तर चूक सुधारण्याची वाट कायमची बंद होते, या पेचातून फाशी कायम ठेवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेची सुटका नाही.

फाशीच्या धाकाने खून कमी होतात, या समजुतीला पुरेसा आधार सापडलेला नाही. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री अधिक परिणाम करते, असे इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच मांडले होते. भारताच्या विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक असते हे सिद्ध होत नाही असे नमूद करून, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर जून १९४९ मध्ये घटना समितीत फाशी रद्द करण्याच्या बाजूने आपले मत नोंदवले होते.

तरीही फाशीला पाठिंबा टिकून आहे, त्याचे एक खरे कारण जन्मठेपेवरील अविश्वासात आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज लोकांत रुजलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ विनायक गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच सांगितले. सरकारला मात्र शिक्षेत सूट देता येते आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतील १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांत त्यासाठी किमान चौदा वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेची अट घातली. ही किमान मर्यादाच लोकांनी कमाल मानली. चौदा वर्षे फार कमी वाटतात म्हणून न्यायाधीश फाशीकडे ढकलले जातात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात मधला मार्ग काढला: सूट न देता वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत कैद. २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले, परंतु हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरता ठेवला.

ज्या सत्र न्यायाधीशासमोर साक्षीदार उभे राहतात, त्याच्या हातात आजही चौदा वर्षांनंतर सुटकेची शक्यता असलेली जन्मठेप किंवा फाशी एवढेच पर्याय आहेत. संसदेने १०३ व्या कलमातून फाशी काढून तिच्या जागी सूट नसलेली, न्यायाधीशाने मुदत ठरवलेली कैद आणली, तर कुप्रसिद्ध खुन्यांपासून समाजाचे रक्षणही होईल आणि चुकीने दोषी ठरलेल्या माणसाला परत आणण्याची वाटही खुली राहील. गावित बहिणींच्या प्रकरणात शेवटी हेच घडले: एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील निकाली काढताना जन्मठेप कायम ठेवली आणि दोघींना कोणतीही सूट न मिळता मरेपर्यंत तुरुंगात राहावे लागेल असे ठरवले. हाच निकाल २००१ मध्ये कोल्हापुरात देता येईल असा कायदा तेव्हा असायला हवा होता, आणि तो आता तरी झाला पाहिजे.