दार कुणाचं वाजवायचं?

महाराष्ट्रातली डान्सबारबंदी आठवते? २००५ साली तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्यात दोन नवी कलमं आली. ३३-अ कलमाने उपाहारगृहं, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर बंदी घातली. लगेच पुढच्या ३३-ब कलमाने नाट्यगृहं, क्लब, जिमखाने आणि तीन किंवा त्याहून जास्त तारे असलेली हॉटेलं या बंदीतून वगळली.

सरकारने लोकांची नीतिमत्ता कायद्याने राखावी की नाही, यावर वाद घालण्याआधी ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. हायवेवरच्या बारमध्ये बाई नाचली की समाज बिघडतो आणि समुद्रकिनारी महागड्या हॉटेलात नाचली की बिघडत नाही, असा त्यांचा सरळ अर्थ निघतो.

पण या बंदीमागे नुसतं ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील सांगत होते की तरुण पोरं पैसे उधळतायत, घरं उद्ध्वस्त होतायत, बारमधल्या बायकांचं शोषण होतंय. हे काही हवेतलं नव्हतं. ज्या घरातला महिन्याचा पगार बारमध्ये उडाला, त्या घरातल्या बाईला ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ हा शब्द ऐकवायची माझी हिंमत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. दुखणं शोषणाचं होतं, तर औषध शोषणावर का आलं नाही? कामाचे तास, ठरलेला पगार, रात्री घरी जायला सुरक्षित वाहन, मालकाविरुद्ध तक्रार करायची सोय, असं काहीतरी. त्याऐवजी बंदी आली नाचावर, आणि काम गेलं ते ज्यांना वाचवायचं होतं त्याच बायकांचं. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने एका स्त्री संघटनेबरोबर ५० बारमधल्या ५०० बायकांची पाहणी केली होती. त्यातल्या कित्येकींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं.

पुढची गोष्ट कोर्टातली. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सभ्यता फक्त वरच्या वर्गाची मक्तेदारी आहे आणि असभ्यता खालच्या वर्गाची, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. रोगापेक्षा उपाय वाईट ठरला, असंही निकालात म्हटलं होतं. यावर २०१४ साली विधिमंडळाने काय केलं? हॉटेलांची सूट काढली आणि सगळीकडेच बंदी घातली. मग स्थगिती, मग २०१६चा नवा कायदा, मग २०१९ साली त्यातल्या बऱ्याच अटी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात रद्द. चौदा वर्षं!

बंद खोली सार्वजनिक कधी होते?

ऑगस्ट २०१५. मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकले. रीतसर खोली घेऊन राहिलेल्या सज्ञान जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेलं. त्यांच्यातल्या अनेकांना कलम ११० लावलं. हे कलम आहे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन करण्याबद्दलचं. दंड फार तर १२०० रुपये. काहींना घरी फोन करायला लावला. गदारोळ झाल्यावर चौकशीचे आदेश निघाले.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखादी अट लिहिताना ती तपासता आली पाहिजे, हा पहिला नियम. ‘वय १८पेक्षा जास्त’ ही अट तपासता येते. ‘वर्तन असभ्य’ ही येत नाही. तुम्ही ती कितीही काळजीपूर्वक कायद्यात लिहा, रात्री अकरा वाजता तिचा अर्थ दारात उभा असलेला हवालदारच ठरवणार. म्हणून मला वाटतं, असे कायदे करताना सरकार समाजाला नीती देत नाही. ते कुणाच्या तरी हातात मनमानी देतं. त्या मनमानीच्या जोरावर बंद खोलीसुद्धा ‘सार्वजनिक’ होऊ शकते.

आणि खरी शिक्षा १२०० रुपयांची नसतेच. खरी शिक्षा म्हणजे तो घरी गेलेला फोन. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीसाठी त्या एका फोनचा अर्थ कॉलेज बंद, मोबाइल काढून घेतलेला आणि महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात, असा होऊ शकतो. ही शिक्षा कुठल्याही कलमात लिहिलेली नाही, तिच्यावर अपील नाही.

ती सगळ्यांना सारखी मिळतही नाही. ज्याच्याकडे स्वतःचा फ्लॅट आहे, त्याच्या नीतीची तपासणी करायला कुणी येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत वाढलेल्या पोराला बँडस्टँडचा कठडा तेवढा मिळतो, आणि कठड्यावर कलम ११० लागतं. आपल्याकडे खासगीपणा हा हक्क म्हणून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. प्रत्यक्षात तो अजून भाड्याने मिळतो, आणि भाडं परवडणारं नाही.

एक फॉर्म भरा

उत्तराखंडने २०२४ साली समान नागरी कायदा मंजूर केला आणि जानेवारी २०२५पासून लागू केला. त्यात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली. महिन्याभरात नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदीची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला जाणार. दोघांपैकी कुणी २१च्या आतलं असेल तर आईवडिलांना कळवणार.

याच्या बाजूने जो मुद्दा आहे, तो मी उडवून लावत नाही. लिव्ह-इनमधून सोडून दिलेल्या बाईला पोटगी मिळावी, अशा नात्यातून झालेलं मूल कायदेशीर मानलं जावं, हे त्याच कायद्यात आहे आणि ते चांगलंच आहे. पण त्यासाठी नोंदणीची सक्ती कशाला? घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला संरक्षण देतो, तेही आधी कुठला फॉर्म न भरता. तक्रार आली की कायदा येतो. उत्तराखंडात तक्रार नसतानाच कायदा आला.

कोण कुणाबरोबर राहतं याची यादी एकदा तयार झाली की ती ज्या कामासाठी केली तेवढ्यापुरती राहत नाही, हे माझ्या धंद्यातला कुणीही सांगेल. वेगळ्या जातीतलं किंवा धर्मातलं जोडपं घरच्यांपासून लपून राहत असेल, तर त्या जोडप्यासाठी तो डेटाबेस म्हणजे पत्ताच. तो पत्ता सांभाळणारा कारकून, ऑपरेटर किंवा पोलीस शिपाई मुलीच्या मामाच्या ओळखीचा निघाला, की संपलं.

मग सरकारने घरात यायचंच नाही का?

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत आला असाल, तर आता जरा अडचणीचं बोलू. ‘सरकारने बेडरूममध्ये डोकावू नये’ हे वाक्य आज आपल्यासारखे तरुण म्हणतात. महाराष्ट्रात ते सगळ्यात जोरात म्हटलं गेलं १८९१ साली, आणि म्हणणारे सनातनी होते.

कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय दहावरून बारा करायचं, आणि विवाहित मुलीलाही ते लागू, इतकाच तो बदल. टिळकांनी कडाडून विरोध केला. त्यांचा आक्षेप असा, की परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात ढवळाढवळ करू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने होते. आज मागे वळून पाहताना आपल्यातला कुणी टिळकांच्या बाजूने उभा राहील असं मला वाटत नाही. तिथे सरकारने दार वाजवायलाच हवं होतं, कारण आत एक मूल होतं.

त्याच्या चारच वर्षं आधी रखमाबाईंच्या खटल्यात उलटं घडलं होतं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. (पुढे तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या.) इथेही सरकार घरात शिरलं, पण नाही म्हणणाऱ्या बाईला ओढून न्यायला.

दोन्ही वेळा सरकार आत आलं. एकदा ते बरोबर होतं, एकदा चूक. म्हणजे ‘आत यावं की न यावं’ हा निकष पुरेसा नाही. निकष असा हवा, की आत असं कुणी आहे का, ज्याला नाही म्हणता येत नाही, किंवा ज्याचं ‘नाही’ ऐकलं जात नाही? असेल, तर सरकारने दार वाजवावं, गरज पडली तर तोडावं. नसेल, तर त्या दाराशी सरकारचं काही काम नाही.

हा निकष लावून आजचे कायदे पाहा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा पोक्सो कायदा या निकषावर टिकतो. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३चा कायदा टिकतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ टिकत नाही. २०१८ साली न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं, ते बरोबर केलं. आणि भारतीय न्याय संहितेतलं कलम ६३? बलात्काराच्या व्याख्येत तिथे एक अपवाद आहे. बायको १८ वर्षांच्या आतली नसेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार नाही. (जुन्या दंड संहितेत हे वय १५ होतं. ते १८ करायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.) २०२४ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात या अपवादाची पाठराखण केली. विवाहसंस्थेवर परिणाम होईल आणि बलात्काराचं कलम लावणं फार कठोर होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे जिथे दोघंही हो म्हणतायत, तिथे हॉटेलवर छापा आणि पोर्टलवर नोंदणी. जिथे एक जण नाही म्हणतेय, तिथे मात्र संस्थेचा मान राखून सरकार बाहेर थांबणार. १८९१चा युक्तिवाद अजून शाबूत आहे. फरक एवढाच, की आता तो परक्या सरकारविरुद्ध न वापरता आपलंच सरकार वापरतं.

पण समाज बिघडेल त्याचं काय?

हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. पॅट्रिक डेव्हलिन या ब्रिटिश न्यायाधीशाने १९५९ साली तो नीट मांडला. समाज सामायिक नीतीवर उभा असतो, ती ढासळली की समाजही ढासळतो, म्हणून कायद्याने ती जपावी. पण सामायिक नीती नेमकी कुठल्या सालची? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. तेव्हाच्या सामायिक नीतीप्रमाणे ते अश्लील होतं. खटले झाले, दंड झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. आणि १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या विषयासाठी कर्वे आयुष्यभर समाजाचा रोष पत्करत राहिले, तो सरकारी कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी कर्वे गेले.

नीती बदलत राहते. वाद घालून, लिहून, घरात आईशी भांडून बदलते. पोलीस ठाण्यात ती बदलतही नाही आणि टिकतही नाही.

वैवाहिक बलात्काराचा प्रश्न न्यायालयापुढे आहे. लिव्ह-इनची नोंदणीही न्यायालयात पोचली आहे. उद्या आपल्याकडेही कुणीतरी संस्कृतिरक्षणाचं विधेयक आणेल, आणि त्याची भाषा बायकांच्या काळजीने भरलेली असेल. तेव्हा त्यात ‘प्रतिष्ठा’ आणि ‘सभ्यता’ हे शब्द किती वेळा आलेत ते मोजू नका. ‘संमती’ हा शब्द कुठे आहे ते शोधा.