साखर सुटली, गोडी राहिली

एकादशीला शुगर तपासली तर ती रोजच्यापेक्षा जास्त निघते, ही तक्रार मधुमेहाच्या डॉक्टरांना नवी नाही. उपास धरलाय आणि साखर वर कशी? ताटात काय आहे ते पाहिले की कोडे सुटते. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 88 ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. एका माणसाच्या खिचडीला 70 ग्रॅम साबुदाणा धरला आणि त्यात छोटा बटाटा चिरून टाकला, तर कर्बोदके सत्तरीच्या घरात जातात. 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण 35 ग्रॅम देते. म्हणजे खिचडीची एक बशी दोन भाकऱ्यांच्या बरोबरीची, आणि भाकरीसोबत जी पालेभाजी, जी आमटी पोटात गेली असती ती इथे नाही. दाण्याचे कूट आणि तूप साखरेचा वेग थोडा रोखतात, एवढेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्याला ग्लुकोमीटरची गरज पडली नसावी.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतले किती जण एकादशी, चतुर्थी, नवरात्र पाळतात हे कुणी मोजलेले नाही, पण महाराष्ट्रात तरी हा आकडा लहान असणार नाही. अशा घरात आता फराळाच्या डब्याशेजारी चकचकीत वेष्टनातली एक वडी येऊन बसली आहे: लो-कार्ब बार. सकाळपासून पोटात काही नाही, गोळी घ्यायची आहे, खिचडी नको, मग हा बार चालेल का? ‘चालेल का’ हा प्रश्न इथे दोन वेगळ्या न्यायालयांपुढे जातो. एक शरीराचे, दुसरे व्रताचे. गंमत अशी, की दोन्हीकडे लोक पहिल्यांदा यादीच मागतात.

व्रताची यादी आपण समजतो तितकी सनातन नाही. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो ते झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आले, आणि आज आपल्या खिचडीतला बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची हेही अमेरिका खंडातलेच. धान्यासाठी पिकवला जाणारा राजगिरासुद्धा मेक्सिको आणि अँडीजच्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेला. पुराणकारांना यातले एकही नाव ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. परंपरेने हे पदार्थ स्वीकारले ते ‘धान्य नाही’ या एका निकषावर. हळद चालते की नाही, कोथिंबीर चालते की नाही, यावर तर दोन शेजारघरांतही एकमत नसते. यादी अशी सैल आणि मनुष्यनिर्मित असेल, तर तिच्यात आजार बसवायला जागा असायला हवी. ती आहे, आणि बरीच मोठी आहे.

काशीनाथ उपाध्याय हे मूळचे कोकणातले, पंढरपुरात राहिलेले विठ्ठलभक्त पंडित. त्यांनी 1790 च्या सुमारास लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आजही पंचांग पाहणाऱ्यांच्या हाताशी असतो. एकादशीच्या बाबतीत हा ग्रंथ आणि त्याआधीचा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ ज्या बारकाईने सवलती नोंदवतात, ती वाचून आजचा कडक उपासकरी चकित व्हावा. आठ वर्षांखालच्यांना आणि ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना एकादशी बंधनकारक नाही. ज्याला पूर्ण उपास झेपत नाही त्याच्यासाठी उतरत्या पायऱ्या आहेत: रात्री एकदाच खाणे, नाहीतर हविष्यान्न, नाहीतर फळे, तीळ, दूध, पाणी, तूप. तेही जमत नसेल तर मुलगा, पत्नी, भाऊ यांच्यापैकी कुणी प्रतिनिधी म्हणून उपास करू शकतो. आणि महाभारताच्या आधाराने सांगितलेल्या, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत पाणी, मुळे, फळे, दूध यांच्याबरोबर औषधही आहे.

औषध व्रत मोडत नाही. मग बार हे औषध की फराळ?

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण बार विकणाऱ्यांना दोन्ही हवे असते. वेष्टनावर मधुमेहींचे नाव घेऊन तो औषधाचा आव आणतो, आणि आतून चॉकलेटच्या चवीने फराळाचा मोह घालतो. उपाशी राहिल्याने पदार्थ दूर होतात, पण त्यांच्याविषयीची ओढ दूर होतेच असे नाही, असा विचार गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. त्या विचाराला याहून नेमके उदाहरण अन्नशास्त्रज्ञांनाही तयार करता आले नसते. साखर काढून घेतलेली आहे, गोडी जागच्या जागी आहे. माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया ही सगळी मंडळी त्याच कामावर नेमलेली आहेत.

याचा अर्थ बार खाणे पाप आहे असा नाही. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यभर पथ्य पाळायचे असते. त्याला गोडाची आठवण झाली आणि त्याने साखरेऐवजी एरिथ्रिटॉल खाल्ले, तर त्याच्या संयमाचा पंचनामा करण्याचा अधिकार निरोगी माणसाला नाही. प्रश्न येतो तो त्याच वस्तूला व्रत म्हणताना. तिथे साबुदाणा खिचडी आणि बार एकाच पंगतीला बसतात. दोघेही माणसाला सांगतात, की तुला काहीच सोडावे लागणार नाही, फक्त पदार्थ बदल. जुन्या ग्रंथांतल्या सवलती पाहिल्या तर त्यांची दिशा उलटी आहे. तिथे प्रत्येक पायरी खाणे कमी करत नेते, सोपे करत नेते.

शरीराच्या न्यायालयात बारची उलटतपासणी जास्त कडक होते. समजा 40 ग्रॅमच्या बारवर एकूण कर्बोदके 20 ग्रॅम लिहिली आहेत, त्यातले तंतू 8 आणि पॉलिऑल, म्हणजे माल्टिटॉल, एरिथ्रिटॉलसारखी गोडी देणारी द्रव्ये, 6. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत येते ‘नेट कार्ब फक्त 6’. ही वजाबाकी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कायदेशीर व्याख्या म्हणून कधी मान्य केलेली नाही, आणि तिथली मधुमेह संघटनाही एकूण कर्बोदकांकडेच पाहायला सांगते. कारण सगळे पॉलिऑल सारखे नसतात. एरिथ्रिटॉल बहुतांशी जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते. माल्टिटॉल मात्र बऱ्यापैकी पचते आणि साखर चढवते, फक्त साध्या साखरेपेक्षा कमी. जास्त झाले तर पोट फुगते, जुलाब होतात, आणि दर्शनबारीत उभ्या असलेल्या माणसावर याहून वाईट वेळ नाही. ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्यही खरे असून फसवे असू शकते: बार खजुराच्या लगद्यावर बांधलेला असेल तर त्या खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. राजगिऱ्याचा लाडू पौष्टिक असतो हे खरे. पण लाही केलेला राजगिरा रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो, आणि लाडू वळायला गूळ लागतो. लोणावळ्याच्या चिक्कीलाही हाच नियम लागू.

खरे तर उपासाच्या यादीतच कमी कर्बोदकांचे पदार्थ दडलेले आहेत. काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, ताक, दही, ओले खोबरे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, बेताच्या भगरीबरोबर दाण्याची आमटी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि कर्बोदके त्याहून बरीच कमी. या ताटाची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यातून कुणाला पैसे मिळत नाहीत.

मग ग्रंथांनी दिलेली सवलत लोक का घेत नाहीत? याचे उत्तर रमजानच्या अभ्यासांत सापडते. इस्लाममध्ये आजारी माणसाला रोज्यातून स्पष्ट सूट आहे. नंतर रोजे भरून काढता येतात, किंवा गरिबांना जेवू घालता येते. तरीही 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या ‘एपिडायर’ पाहणीत (2004) दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या सुमारे 79 टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे धरल्याचे दिसले. त्याच गटात साखर गंभीर पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झाले होते. धर्म सूट देतो, माणूस नाकारतो. घर, गल्ली, अख्खा समाज ज्या दिवशी एकत्र उपाशी असतो, त्या दिवशी एकट्याने जेवणे ही शिक्षा वाटते. पंढरीच्या वाटेवर कुणा वारकऱ्याला ‘तुम्ही खाऊन घ्या’ असे सांगणारा डॉक्टर त्याला दिंडीतून बाहेर काढत असतो, निदान त्याला तसे वाटते. बारचे आकर्षण थोडेसे इथूनही येते. तो खाऊनही दिंडीत राहता येते.

पण सगळ्यात विचित्र उलटापालट होते ती साखर उतरल्यावर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, पोट रिकामे आहे, आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून झाले आहे, आणि आता बारीत तास उलटताहेत. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. साखर 70 च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज तोंडात टाकायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हा जगभरचा नियम. इथे लो-कार्ब बार निरुपयोगी आहे. त्यात साखर जवळजवळ नाही, आणि त्यातली चरबी व तंतू असलेली थोडी साखरही उशिरा पोचवतात. या क्षणी पंधरा ग्रॅम ग्लुकोज पावडर हेच औषध असते. वर्षभर जिला शत्रू मानले ती साखर काशीनाथ उपाध्यायांच्या यादीत सरळ औषधाच्या रकान्यात जाते, आणि व्रत अभंग राहते. गोळीची मात्रा उपासाच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून बदलली, तर ही वेळ बहुतेकदा येतच नाही.

बारचे काय करायचे हे मात्र घरातल्या थोरल्या सुनेला विचारावे लागेल. ती वेष्टन उलटून मागची यादी वाचेल, आणि माल्टिटॉल, तंतू, नेट कार्ब सगळे ओलांडून तिचे बोट थांबेल ते ओट्सवर. ओट्स म्हणजे धान्य. एकादशीला चालत नाही.