बियाण्याचा डेटा आणि ऋणाचा न्याय

भाताचा जनुकसंच म्हणजे सुमारे ४० कोटी अक्षरांचा मजकूर. चार रासायनिक घटक हीच त्याची वर्णमाला. २०१४ साली ८९ देशांतल्या सुमारे ३,००० भातवाणांचे असे मजकूर वाचून सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यांतले बहुतेक वाण फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीतले होते. या पेढीतले पारंपरिक वाण मुळात आले ते शेतकऱ्यांच्या कणग्यांतून. आज जगातला कोणीही संशोधक किंवा कंपनी हा डेटा फुकट उतरवून घेऊ शकते. ज्यांनी हे वाण पिढ्यानपिढ्या राखले ते या मजकुराचे कोण लागतात, हा शेती आणि अन्नाच्या डेटाविषयीचा कळीचा प्रश्न आहे.

वाण राखणे म्हणजे धान्य साठवणे नव्हे. सुगीआधी उभ्या पिकात हिंडून भरदार, निरोगी लोंब्या हेरायच्या, त्या वेगळ्या कापून वेगळ्या झोडायच्या, दाणे खडखडीत वाळवायचे, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचे आणि घरातले धान्य संपले तरी बियाण्याला हात लावायचा नाही. अनेक ठिकाणी हे काम बायकांचे. कोणती लोंबी ठेवायची याच्या प्रत्येक निर्णयाने जनुकसंचातले काही टिकले, काही गळाले. ओडिशातल्या एका पारंपरिक वाणातून निवडलेले ‘एफआर१३ए’ हे भात पाण्याखाली दोन आठवड्यांच्या आसपास तग धरते. त्यामागचे ‘सब१ए’ जनुक २००६ साली ओळखले गेले आणि ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणून ‘स्वर्णा-सब१’ हे वाण २००९ साली भारतात लागवडीसाठी आले. पूरग्रस्त शेतकऱ्याला त्याचा खरा लाभ झाला. मूळ वाण राखणाऱ्यांची नावे मात्र कोणाच्याच दप्तरी नाहीत.

बियाण्याच्या हक्काविषयी आंतरराष्ट्रीय विचार तीन टप्प्यांतून गेला. १९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ठरावाने वनस्पतींच्या जनुकीय संपत्तीला मानवजातीचा सामाईक वारसा म्हटले. १९९२ च्या जैवविविधता कराराने तिच्यावर त्या त्या देशाचा सार्वभौम अधिकार मान्य केला. २००१ साली मंजूर होऊन २००४ साली अमलात आलेल्या बियाणे कराराने मधला मार्ग काढला. भात, गहू, ज्वारी अशी ६४ पिके आणि चारावर्गीय वनस्पती एका सामाईक व्यवस्थेत ठेवल्या गेल्या. नमुना घेणाऱ्याने ठरावीक करारपत्र मान्य करायचे. त्यातून तयार केलेले वाण पुढच्या संशोधनाला बंद ठेवले, तर विक्रीचा ठरलेला हिस्सा लाभवाटप निधीत भरायचा. निधीतला पैसा विकसनशील देशांतल्या शेतकऱ्यांच्या कामांसाठी जातो.

ही व्यवस्था बियाण्याच्या पुडीवर बेतलेली आहे. पुडी हातात पडल्याशिवाय करारपत्र लागू होत नाही. जनुकक्रम संगणकावर वाचता आला की पुडीची गरज बरीच कमी होते. अमेरिका, युरोप आणि जपानमधले मोठे जनुकक्रम-संग्रह सर्वांना खुले आहेत आणि वापरणाऱ्याकडून कसलेही करारपत्र मागत नाहीत.

खुलेपणाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. पसाभर बियाणे दिले तर देणाऱ्याकडचे तेवढे कमी होते. माहिती दिल्याने ती कमी होत नाही. मग कुंपण कशाला? पण दार सर्वांना सारखेच उघडे असले, तरी आत जाऊन काही उचलून आणण्याची ताकद सारखी नसते. प्रयोगशाळा, संगणक आणि पेटंटचे वकील ज्याच्याकडे आहेत, त्यालाच खुला डेटा फळतो. शिवाय खुल्या डेटातून घडलेल्या वस्तूवर पेटंट घेऊन ती बंद करता येते.

मालकीचा युक्तिवादही पुरा पडत नाही. आपले श्रम ज्या वस्तूत मिसळले ती आपली, असे सतराव्या शतकात जॉन लॉकने मांडले. या न्यायाने वाण शेतकऱ्यांचे ठरते. पण कोणत्या शेतकऱ्यांचे? वाण लेकीबरोबर सासरी जाते, बाजारात बदलते, डोंगर आणि देश ओलांडते. शंभर पिढ्यांच्या श्रमांचा सातबारा काढता येत नाही.

इथे ऋणाची भारतीय कल्पना उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो, त्यांतले एक ऋषींचे. शतपथ ब्राह्मणात चौथे, मनुष्यांचे ऋणही येते. ऋषिऋणाचे वैशिष्ट्य असे, की ते ऋषीला परत करायचे नसते. ज्ञान घेतले, ते अभ्यासाने जिवंत ठेवून पुढे दिले, की ऋण फिटते. म्हणजे मूळ दात्याचा पत्ता हरवला तरी देणे बुडत नाही. फक्त त्याची दिशा बदलते. ओडिशातल्या त्या अनाम राखणदारांचे देणे आज बियाणे राखणाऱ्यांना देता येते. बियाणे कराराचा निधी नमुना देणाऱ्या देशालाच पैसे परत करत नाही, त्यामागे नकळत हेच तत्त्व आहे.

मात्र परंपरेतली ऋणकल्पना जशीच्या तशी घेता येणार नाही. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा उल्लेख ब्राह्मणाच्या संदर्भात आहे, आणि ज्ञान कोणी घ्यावे यावर जातीचा पहारा होता. महाराष्ट्राच्या गावगाड्यातही बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे, पण तो किती असावा हे ठरवताना त्याचा शब्द क्वचितच चाले. म्हणून वाट्याबरोबर शब्दही हवा. बियाणे कराराच्या कारभारात मत असते ते सरकारांना. शेतकरी संघटना निरीक्षक म्हणून बसतात.

शेतातून गोळा होणाऱ्या डेटालाही हीच कसोटी लागते. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. इथे देणारा ठाऊक असल्याने त्याची संमती घेता येते आणि २०२३ च्या भारतीय कायद्यात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची तरतूद आहे. पण लाखो शेतांच्या नोंदी एकत्र झाल्यावर त्यांतून उभे राहणारे मोल एकट्याच्या संमतीत मावत नाही. तो डेटा कोणी, कशासाठी वापरावा, हे ठरवताना शेतकऱ्यांचा शब्द हवाच.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी रोममध्ये जैवविविधता कराराअंतर्गत ‘काली निधी’ सुरू झाला. जनुकक्रमांच्या डेटातून लाभ मिळवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा महसुलाचा ०.१ टक्का द्यावा आणि निधीचा निदान निम्मा भाग मूलनिवासी व स्थानिक समूहांसाठी असावा, अशी त्याची रचना आहे. दाता हरवला तरी देणे उरते, हे तत्त्व त्यात आहे. उणीव एकच, पण मुळावर येणारी: कंपन्यांचा भरणा ऐच्छिक आहे. मर्जीने द्यायचे ते दान असते. जोवर हा भरणा बंधनकारक होत नाही, तोवर बियाण्याच्या डेटाचे ऋण मान्य झाले असे म्हणता येत नाही.