एकाच किल्लीचे विमान

बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरच्या माणसाला लहान विमानाचे अप्रूप उरलेले नाही. सीमेपलीकडे गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. तेथे वैमानिक घडविले जातात, आणि बांधीत रोवणी करणाऱ्या बाया त्यांचा आवाज ऐकूनही मान वर करीत नाहीत. १८ मार्च २०२३ रोजी असेच एक शिकाऊ विमान किरनापूर परिसरातील डोंगराळ रानात कोसळले आणि त्यातील दोघेही गेले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु ते विमान एका संस्थेचे होते. तेथे नोंदवह्या, तपासनीस आणि परवानगी देणारा वेगळा माणूस असतो. विमान जेव्हा एकट्या माणसाच्या मालकीचे असते, तेव्हा त्याला ‘आज नको’ असे कोणी म्हणावे?

अशा मालकाचा दिनक्रम आपण समजतो तसा ऐषारामाचा नसतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून उजेडासमोर धरतो. पाणी असेल तर ते खाली बसते. वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने माती भरली नाही ना, हे पाहतो, कारण चिमूटभर मातीने वेगाचा काटा खोटे सांगू लागतो. पंखांच्या व शेपटीच्या बिजागऱ्या हाताने हलवून पाहतो. आम्ही आमच्या मोटारीचे तेलही वेळेवर पाहत नाही, त्यामुळे या नित्यपूजेविषयी आम्हांला आदर वाटतो. तथापि अवघड परीक्षा त्यापुढची आहे. बिजागरीतला दोष हाताला लागतो. उडण्याची अनावर इच्छा लागत नाही. ढग उतरले आहेत, पण मित्र वाट पाहत आहेत. इंजिनाचा आवाज किंचित निराळा आहे, पण कालही तसाच होता. येथे आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच.

अमेरिकेने २००४ साली हलक्या क्रीडाविमानांचा स्वतंत्र वर्ग केला: दोन आसने, जमिनीवरून उडणाऱ्या विमानास सुमारे ६०० किलो वजनाची मर्यादा. असे विमान चालविण्यास वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालविण्याचा परवाना पुरेसा ठरला. प्रकृती ठीक आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातील प्रायोगिक विमानाच्या मालकाला तर सोळा तासांच्या शिक्षणानंतर स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याची मुभा मिळाली. माणसावर विश्वास टाकला की तो त्या विश्वासाएवढा उंच होतो, ही भूमिका उदार आहे आणि ती निखालस चुकीची आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु आपल्या देवळांची रीत आठवते. गोव्यातील महाजन हे देवस्थानचे मालकच म्हणावेत. तरीही देवाच्या दागिन्यांच्या पेटीला अनेक ठिकाणी दोन-तीन कुलपे असतात आणि किल्ल्या निरनिराळ्या हाती. महाजन चोर आहेत म्हणून ही योजना नव्हे. प्रामाणिक माणसाच्याही आयुष्यात एखादी दुबळी संध्याकाळ येते, हे पूर्वजांनी जाणले होते.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. त्या काळात इतरांप्रमाणे आम्हीही कागदपत्रांवर चिडलो होतो. दुसरी किल्ली फिरायला फार वेळ लागला, ही तक्रार आजही खरी वाटते. ती किल्लीच नसावी, असे मात्र त्यातून निघत नाही. गच्ची त्यांच्या घराची होती, गच्चीवरचे आकाश नव्हते.

काही विचारी वैमानिक आपली मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवतात: ढग इतके खाली असतील, वारा इतका आडवा असेल, तर उडायचे नाही. हे लिहायचे ते घरी, मन शांत असताना. सकाळी धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला कालच्या माणसाने घातलेले हे कुलूप. कागद मात्र त्याच्याच खिशात असतो, आणि तो त्याने फाडला तर किरनापूरच्या बांधीत वाकलेल्या बाईला ते कळण्याची काही सोय नाही.